हाताकडून डोळ्यांकडे : फायटिंग गेममधील नवशिक्याची वाटचाल

प्रस्तुत व्याख्यानात व्हिडिओ गेममधील फायटिंग गेम या प्रकाराचा, आणि त्यात नव्याने उतरलेला खेळाडू स्पर्धेत टिकण्याजोगा कसा होतो या प्रश्नाचा विचार करायचा आहे. फायटिंग गेमची चौकट अगदी साधी असते : पडद्यावर समोरासमोर उभी असलेली दोन पात्रे, प्रत्येकाची उरलेली ताकद दाखवणारी एक पट्टी, जिला सर्वत्र हेल्थ बार म्हणतात, मध्यभागी उलटे चालणारे घड्याळ, आणि ठरलेल्या फेऱ्या जो आधी जिंकेल तो विजयी. या चौकटीला आजचे रूप दिले ते जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या १९९१ मधील ‘स्ट्रीट फायटर २’ने, पुढे सेगाच्या ‘व्हर्च्युआ फायटर’ने (१९९३) आणि नामकोच्या ‘टेकन’ने (१९९४) तिला त्रिमितीत नेले, आणि आज मोठ्या स्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ६’ (२०२३) व ‘टेकन ८’ (२०२४) हे दोन खेळ अग्रभागी आहेत. पुढील विवेचनातील बहुतेक उदाहरणे ‘स्ट्रीट फायटर ६’मधून घेतली आहेत, कारण नवशिक्याच्या अडचणींचा त्या खेळाच्या कर्त्यांनी बराच विचार केलेला दिसतो.

महाराष्ट्रातील शहरांत १९९० च्या दशकात वाढलेल्या पिढीला हे खेळ अपरिचित नाहीत. नाणे टाकून चालणाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स’ आणि ‘टेकन ३’ यांच्याभोवती पोरांचा घोळका असे, जिंकणारा यंत्रासमोर उभा राही आणि हरणारा दुसरे नाणे शोधी. त्याच पार्लरमधील अत्यंत लाडका खेळ ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, जो त्यातील एका पात्रामुळे ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखला गेला, तो मात्र या प्रकारात मोडत नाही, आणि त्याचे कारण प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जाते. मुस्तफामधील शत्रू यंत्र चालवीत असे, त्यांच्या येण्याच्या जागा आणि चाली ठरलेल्या असत, आणि त्या पाठ झाल्या की एकच नाणे पुष्कळ वेळ पुरवता येई. फायटिंग गेममध्ये समोर माणूस असतो. तो पाहतो, आठवणीत ठेवतो, फसला तर पुन्हा फसणार नाही याची काळजी घेतो. पाठांतराचा उपयोग येथेही आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी आहे.

या खेळाविषयी बाहेरच्या माणसाची, आणि बहुतेक नवशिक्यांचीही, अशी समजूत असते की ज्याची बोटे झपाट्याने चालतात आणि ज्याच्या प्रतिक्रिया तल्लख असतात तो जिंकतो, म्हणून हा पंधरा-वीस वर्षांच्या मुलांचा खेळ आहे आणि उशिरा येणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. वस्तुस्थिती या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देते. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता. मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हे भारताचे खेळाडू त्यात उतरले होते, आणि सुवर्णपदक मिळाले ते दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना, ज्यांचे वय त्या वेळी ४४ वर्षे होते. अमेरिकेतील माइक बेगम हे ‘ब्रॉलीलेग्ज’ या नावाने खेळणारे खेळाडू जन्मतः सांध्यांच्या विकाराने जखडलेले होते आणि तोंडाने कंट्रोलर चालवीत, तरीही ‘स्ट्रीट फायटर ४’मधील चुन-ली या पात्राच्या निष्णात खेळाडूंत त्यांची गणना झाली. बोटांचा वेग हाच या खेळाचा प्राण असता तर ही दोन्ही उदाहरणे संभवलीच नसती.

या खेळाचा प्राण लक्षात आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. नवशिक्या हरतो तो हात मंद असतात म्हणून क्वचित. बहुधा त्याचे लक्ष स्वतःच्या हातांत, स्वतःच्या पात्रात आणि पुढे करायच्या चालीत गुंतलेले असते म्हणून समोरचे पात्र त्याला दिसत असूनही दिसत नाही. ज्या दिवशी हे लक्ष हातांवरून सुटून प्रतिस्पर्ध्यावर जाते त्या दिवशी तो स्पर्धेच्या लायकीचा होऊ लागतो, आणि सरावाच्या प्रत्येक पद्धतीचे मोल ती हे स्थलांतर किती लवकर घडवते यावर ठरवले पाहिजे.

हे म्हणणे आकड्यांनी तपासता येते. फायटिंग गेममध्ये काळ फ्रेममध्ये मोजतात; पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणून एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. प्रत्येक हल्ल्याचे तीन टप्पे असतात : हात किंवा पाय उगारण्याचा काळ, ज्याला स्टार्टअप म्हणतात, फटका प्रत्यक्ष लागू शकतो तो सक्रिय काळ, आणि हात-पाय मागे घेऊन पात्र पुन्हा मोकळे होईपर्यंतचा काळ, ज्याला रिकव्हरी म्हणतात. ‘स्ट्रीट फायटर ६’मधील सर्वांत चपळ साधे ठोसे ४ फ्रेममध्ये लागतात, प्रतिस्पर्ध्याला धरून आपटण्याची चाल, म्हणजे थ्रो, ५ फ्रेममध्ये लागते, ‘टेकन’मधील नेहमीचा हलका ठोसा १० फ्रेमचा असतो. माणसाच्या डोळ्याला काही दिसून त्याचे बोट हलायला एक पंचमांश ते एक चतुर्थांश सेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. याचा सरळ अर्थ असा की ठोसा किंवा थ्रो पाहून अडवणे कोणत्याही वयाच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि जगज्जेताही या बाबतीत नवशिक्याइतकाच असहाय आहे.

दुसऱ्या टोकाला ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ ही चाल आहे. सर्व पात्रांना समान असलेला हा जोरदार, रंग उधळीत येणारा प्रहार वाटेत मिळालेले दोन फटके पचवून पुढे येतो, आणि भिंतीजवळ तो नुसता अडवला तरीही अडवणारा भिंतीवर आदळून काही काळ निराधार होतो. त्यावरचा उतारा असा की उलट तीच चाल करावी. तिचा स्टार्टअप २६ फ्रेम आहे, म्हणजे जवळजवळ ०.४३ सेकंद, आणि हा वेळ सामान्य प्रतिक्रियेच्या दुपटीच्या आसपास आहे. तरीही खालच्या श्रेणींतील अगणित लढती याच एका चालीने संपतात. उडी मारून येणाऱ्या पात्राचेही असेच आहे. साधी उडी सुमारे पाऊण सेकंद हवेत चालते, तिला वरून पाडण्यासाठी प्रत्येक पात्राकडे एखादा फटका असतो, ज्याला अँटी-एअर म्हणतात, आणि तरीही नवशिक्या उडीमागून उडी अंगावर घेतो. वेळ पुरेसा असून प्रतिक्रिया होत नाही याचा अर्थ, पाहणाऱ्याचे पाहणे दुसरीकडे होते.

मानसशास्त्राने या गोष्टीचा दोन बाजूंनी अभ्यास केलेला आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले की समोर येऊ शकणाऱ्या गोष्टींचे पर्याय जितके अधिक, तितका योग्य प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढत जातो; एकाच दिव्याकडे पाहत बसलेल्या माणसापेक्षा आठ दिव्यांवर लक्ष ठेवणारा माणूस मंद असतो. अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवरील अभ्यासातून दाखवले की खऱ्या डावातील पट क्षणभर पाहून निष्णात खेळाडू तो जवळजवळ जसाच्या तसा मांडतो, पण सोंगट्या कशाही विखुरल्या की त्याची ही शक्ती बहुतांशी नाहीशी होते. म्हणजे निष्णाताची स्मरणशक्ती मोठी नसते, त्याला अर्थपूर्ण आकार ओळखता येतात. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर फायटिंग गेममधील ‘तल्लख प्रतिक्रिया’ कशातून घडते ते कळते. जाणकार खेळाडू पाहतो तेव्हा त्याने बहुतेक शक्यता आधीच बाद केलेल्या असतात. अमुक अंतरावर, अमुक स्थितीत प्रतिस्पर्धी उडी मारील किंवा ड्राइव्ह इम्पॅक्ट करील, एवढ्या दोनच गोष्टींची तो वाट पाहत असतो, आणि म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षीही तो वेळेवर पोचतो.

यावरून नवशिक्याने काय शिकावे याचा क्रम आपोआप ठरतो, आणि तो प्रचलित क्रमाच्या जवळजवळ उलटा आहे. प्रथम एकच पात्र निवडून काही महिने ते सोडू नये. कोणते पात्र बलवान आणि कोणते दुबळे याच्या याद्या सतत फिरत असतात, पण त्या याद्यांतील फरक जाणवण्यासाठी जे कौशल्य लागते ते नवशिक्याजवळ नसल्याने त्याने त्या वाचण्यात घालवलेला वेळ वाया जातो. ‘टेकन ८’ बाजारात आला तेव्हा त्यात ३२ पात्रे होती आणि एकेका पात्राच्या चाली शंभराहून अधिक. सर्व शिकून मग खेळू, असे म्हणणारा कधीच खेळणार नाही. लांब पोचणारी एक लाथ, जवळचा एक झटपट ठोसा, एक अँटी-एअर, थ्रो, आणि प्रतिस्पर्ध्याची चूक पकडल्यावर करायचा एक ठरलेला उतारा, एवढ्या शिदोरीवर बरीच मजल मारता येते.

‘स्ट्रीट फायटर’मधील विशेष चालींसाठी दिशेची कळ ठरावीक क्रमाने फिरवावी लागते, ऱ्यू या पात्राचा प्रसिद्ध ‘हादोकेन’, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा अशा क्रमाने निघतो, तर उसळी घेऊन मारायचा ‘शोर्युकेन’ पुढे, खाली, खाली-पुढे आणि ठोसा या अधिक अवघड क्रमाने. तीस वर्षे या हातचलाखीने कितीतरी नवशिक्यांना दाराबाहेरच ठेवले. ‘स्ट्रीट फायटर ६’ने ‘मॉडर्न’ नावाची नियंत्रणपद्धती आणून विशेष चाली एका कळीवर ठेवल्या आणि त्याची किंमत म्हणून त्यांचा मारा काहीसा कमी केला व काही साधे फटके काढून घेतले. जुन्या खेळाडूंपैकी अनेकांनी या सोयीला नाके मुरडली. प्रस्तुत प्रतिपादनाच्या दृष्टीने मात्र ती सोय योग्यच ठरते, कारण ती हाताचे ओझे उतरवून लक्ष मोकळे करते. पुढे कोणाला जुनी पद्धत घ्यावीशी वाटली तर ती घेता येते, आणि तोवर त्याने प्रतिस्पर्ध्याकडे पाहायला शिकलेले असते.

नवशिक्याला सर्वांत मोठी भूल पडते ती कॉम्बोची. एक फटका लागल्यावर प्रतिस्पर्धी सावरण्याआधीच पुढचा आणि त्यापुढचा फटका बसवत जाण्याच्या साखळीला कॉम्बो म्हणतात. ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये ही सोय मुळात योजलेली नव्हती, मोटार फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी करताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आले की वेळ अचूक साधल्यास फटक्यांच्या मध्ये आणखी फटके बसतात, आणि ती गोष्ट कोणाला सहज साधणार नाही असे समजून ती तशीच राहू दिली गेली. आज तीच खेळाची शोभा आहे, आणि खेळातील सराव-खोलीत बसून बारा-पंधरा फटक्यांची साखळी घोटवण्यात नवशिक्याचे आठवडे जातात. पण कॉम्बोला पहिला फटका लागतो, आणि तो कसा लागावा हे कॉम्बो सांगत नाही. दोन-तीन फटक्यांची एक साखळी न चुकता येणे हे पंधरा फटक्यांची साखळी दहातून चार वेळा येण्यापेक्षा कितीतरी हिताचे, कारण चुकलेली साखळी नुसता मारा कमी करीत नाही, ती प्रतिस्पर्ध्याला उलट मारण्याची संधी देते, आणि चुकेल का या धास्तीने लक्ष पुन्हा हातांत येऊन बसते.

बचावाची गोष्ट याहून दुर्लक्षित आहे. मागची दिशा धरली की पात्र फटका अडवते, याला ब्लॉक म्हणतात. उभे राहून अडवल्यास पायावरचा फटका लागतो आणि बसून अडवल्यास वरून येणारा लागतो, एवढा भेद सुरुवातीला पुरे. फटका अडवला गेल्यावर मारणारा आणि अडवणारा यांपैकी आधी कोण मोकळे होते याच्या हिशेबाला फ्रेम ॲडव्हान्टेज म्हणतात. मारणारा ६ फ्रेम उशिरा मोकळा होत असेल आणि अडवणाऱ्याजवळ ४ फ्रेमचा ठोसा असेल, तर अंतर पोचण्याजोगे असताना तो ठोसा चुकूच शकत नाही. अशा हक्काच्या प्रत्युत्तराला पनिश म्हणतात. नवशिक्यांच्या लढती पाहिल्या तर आढळते की दोघेही एकाच वेळी कळा दाबीत असतात, कारण आपली पाळी केव्हा संपली हे दोघांनाही ठाऊक नसते. तक्ते पाठ करण्याची गरज येथे फारच थोडी आहे. ज्या चालीने आपण वारंवार मार खातो तेवढ्याच चालीचा आकडा पाहावा, तिला कोणता पनिश बसतो तो ठरवावा, आणि पुढच्या लढतीत तेवढ्यासाठीच डोळे उघडे ठेवावेत. प्रतिक्रियेला लागणारे पर्याय कमी करण्याचा हिक यांच्या निष्कर्षाशी जुळणारा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

दोन्ही पात्रे एकमेकांच्या टप्प्याबाहेर उभी राहून पुढेमागे सरकत असतात त्या अवस्थेला न्यूट्रल म्हणतात आणि तेथील अंतराच्या खेळाला फुटसीज. पाहणाऱ्याला या अवस्थेत काहीच घडत नाही असे वाटते, पण लढतीचा निकाल बहुधा येथेच लागत असतो. लांब लाथेच्या टोकाच्या किंचित बाहेर उभे राहून प्रतिस्पर्ध्याला ती मारायला लावायची, ती हवेत गेली की तिच्या रिकव्हरीच्या काळात आपला फटका बसवायचा, हे फुटसीजचे मूळ तत्त्व. येथे हाताला फारसे काम नसते. अंतराचा अंदाज आणि प्रतिस्पर्ध्याची सवय यांवर सारे चालते. नवशिक्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून तो उडी मारून थेट अंगावर जातो, आणि ज्याच्याजवळ अँटी-एअर आहे त्याच्यापुढे दरवेळी पडतो.

अंतर संपून पात्रे भिडली की खेळाचे स्वरूप बदलते आणि पाहून करण्याऐवजी ओळखून करण्याचा भाग सुरू होतो. ब्लॉक फटक्याला हरवतो, थ्रो ब्लॉकला हरवतो, आणि झटपट फटका थ्रोला हरवतो. मुलांच्या दगड-कागद-कात्रीसारखेच हे त्रिकूट आहे, फरक एवढाच की प्रत्येक जिंकण्या-हरण्याची किंमत वेगळी असते. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या सिद्धांताने अशा दोघांच्या खेळांचे गणित मांडले : आपली निवड ठरावीक प्रमाणात सरमिसळ ठेवावी, आणि ते प्रमाण प्रत्येक निकालाच्या किमतीवर ठरवावे. ‘स्ट्रीट फायटर ६’मधील बहुतेक पात्रांची ताकद १०,००० असते आणि साध्या थ्रोने १,२०० जाते. खाली पडलेला नवशिक्या उठता उठता थ्रोच्या भीतीने शोर्युकेनसारखी, सुरुवातीला कशानेही न मोडणारी चाल करतो. ती लागली तर साधारण दीड हजारांची मिळकत होते, पण प्रतिस्पर्ध्याने ती अडवली तर पनिश म्हणून सहज तीन हजारांचा कॉम्बो अंगावर येतो. म्हणजे हा जुगार तीनपैकी दोनदा साधला तरच बरोबरी होते. एखादा थ्रो मुकाट्याने सोसणे त्याहून स्वस्त पडते, हे कळले की घाबरून दाबलेल्या कळांची संख्या निम्म्यावर येते. अर्थात ही चाल कधीच करायची नाही असे ठरवले तर प्रतिस्पर्धी तेही ओळखतो, आणि मग तो निर्धास्तपणे अंगावर येतो.

‘ओळखणे’ म्हणजे काय याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २००४ मधील आहे. ‘इव्हो’ ही फायटिंग गेमची सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धा १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘बॅटल बाय द बे’ या नावाने सुरू झाली. २००४ मध्ये ती त्याच राज्यातील पोमोना येथे भरली असताना ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’च्या लढतीत जपानच्या दाइगो उमेहारा यांच्या केन या पात्राची ताकद इतकी संपली होती की फटका अडवतानाही होणाऱ्या किंचित हानीने तो हरला असता. अमेरिकेच्या जस्टिन वाँग यांनी चुन-लीचा १५ लाथांचा सुपर, म्हणजे साठवलेल्या शक्तीचा मोठा हल्ला, सोडला. उमेहारांनी प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणी पुढची दिशा टेकवून ती निष्फळ केली, ज्याला पॅरी म्हणतात, आणि उलट कॉम्बोने फेरी जिंकली. त्या चित्रफितीकडे अमानुष प्रतिक्रियेचा पुरावा म्हणून पाहिले जाते. जाणकारांचे म्हणणे असे की तो सुपर दिसल्यावर पहिला पॅरी करायला वेळच उरत नाही. तो येणार हे गृहीत धरून आधीच पुढची दिशा टेकवावी लागते, आणि उरलेल्या लाथांचा ठेका सरावाने हातात बसलेला असावा लागतो. म्हणजे हाताने पाठांतराचे काम केले आणि डोळ्यांनी व मनाने प्रतिस्पर्ध्याला ओळखण्याचे. त्या स्पर्धेचे विजेतेपद उमेहारांना मिळाले नाही, अंतिम लढतीत ते केंजी ओबाता यांच्याकडून हरले, हे त्या चित्रफितीच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

सरावाच्या बाबतीत किती तास, या प्रश्नाभोवती फार चर्चा होते, आणि अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९३ मधील अभ्यासातून पुढे लोकप्रिय झालेला दहा हजार तासांचा आकडा त्यात हमखास येतो. बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरील त्या अभ्यासाचा खरा रोख सरावाच्या गुणवत्तेवर होता : एका वेळी एक उणीव, तिच्यासाठी बेतलेला अभ्यास, आणि चूक झाली हे लगेच कळण्याची सोय. नुसते लढत राहणे म्हणजे असा सराव नव्हे. आजच्या खेळांतील सराव-खोलीत समोरच्या बाहुल्याला एखादी चाल शिकवून ती अधूनमधून करायला लावता येते. तीन चाली शिकवल्या आणि त्यांपैकी कोणती येईल हे यंत्रावर सोपवले, की ब्लॉक, अँटी-एअर आणि ड्राइव्ह इम्पॅक्टचा उतारा यांचा रोज पंधरा मिनिटांत उत्तम सराव होतो. ‘टेकन ८’मध्ये तर झालेली लढत पुन्हा पाहताना कोणता पनिश हुकला हे खेळच दाखवतो आणि त्या जागी कंट्रोलर हातात घेऊन तो क्षण पुन्हा खेळू देतो. ही सोय असूनही बहुतेक जण हरलेली लढत पुन्हा पाहत नाहीत, आणि पाहिलीच तर स्वतःचे पात्र पाहतात. प्रतिस्पर्ध्याचे पात्र पाहावे. ते खाली पडल्यावर उठताना काय करते, कोपऱ्यात सापडल्यावर काय करते, मार खाल्ल्यावर लगेच काय करते, एवढे तीन प्रश्न पुरेत.

हरण्याविषयी अमेरिकी खेळाडू व खेळरचनाकार डेव्हिड सर्लिन यांनी ‘प्लेइंग टू विन’ या पुस्तकात एक कठोर पण उपयोगी विचार मांडला आहे. थ्रो करणे म्हणजे लबाडी, एकच चाल वारंवार करणे म्हणजे भ्याडपणा, असे खेळात नसलेले नियम मनाशी धरून जो खेळतो तो स्वतःला हरण्याची सबब आधीच देऊन ठेवतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. नवशिक्याला एकाच चालीने दहा वेळा मारणारा प्रतिस्पर्धी वस्तुतः त्याला उत्तम धडा देत असतो, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही तोच तो पुन्हा पुन्हा विचारतो.

एवढे सारे एकट्याने करता येते, आणि तरीही एकट्याने स्पर्धक घडत नाही, हे लाहोरने जगाला दाखवले. पाकिस्तानचे अर्सलान सिद्दीक, ज्यांना खेळाचे जग अर्सलान ॲश म्हणून ओळखते, यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये फुकुओका येथील इव्हो जपान आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासची इव्हो ‘टेकन ७’मध्ये जिंकली, पुढे २०२३ आणि २०२४ मध्येही लास व्हेगासचे विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले. व्हिसाच्या अडचणींमुळे पाकिस्तानी खेळाडू २०१९ पूर्वी मोठ्या स्पर्धांत फारसे दिसत नव्हते. जपानमधील विजयानंतर अर्सलान यांनी मायदेशी याहून चांगले खेळणारे आहेत असे सांगितले तेव्हा तो विनय समजला गेला. कोरियाचे ख्यातनाम ‘नी’, म्हणजे बे जे-मिन, स्वतः पाकिस्तानात जाऊन खेळून आले आणि तो विनय नव्हता हे स्पष्ट झाले. पुढे पाकिस्तानच्याच आतिफ बट यांनी टेकन वर्ल्ड टूर २०२२ ची अंतिम स्पर्धा जिंकली. पैसा, प्रायोजक, उत्तम इंटरनेट यांपैकी फारसे काही नसताना हे घडले, कारण लाहोरच्या पार्लरमध्ये खांद्याला खांदा लावून रोज एकमेकांशी खेळणारी माणसे होती. कोल्हापुरात मल्ल घडले तेही असेच, तालमी दाट होत्या आणि प्रत्येक पोराला रोज नवा जोडीदार मिळत होता म्हणून.

भारतात स्पर्धात्मक गेमिंगचा ओघ मोबाइलवरील नेमबाजीच्या खेळांकडे गेला आणि फायटिंग गेमचे पार्लर बंद पडत गेले, त्यामुळे मराठी मुलखातील नवशिक्याला असा दाट शेजार आयता मिळत नाही. इंटरनेटने ही उणीव अंशतः भरून काढली आहे. इव्होच्या संस्थापकांपैकी एक टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये ‘जीजीपीओ’ ही प्रणाली रचली. दूरच्या खेळाडूची कळ पोचेपर्यंत थांबण्याऐवजी ती पुढची कळ कोणती असेल याचा अंदाज बांधून खेळ चालू ठेवते, आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन चित्र दुरुस्त करते. रोलबॅक म्हणून ओळखले जाणारे हे तंत्र आता जवळजवळ सर्व प्रमुख खेळांत आहे, आणि ‘स्ट्रीट फायटर ६’मधील रूकीपासून मास्टरपर्यंतच्या श्रेणी नवशिक्याला त्याच्याच तोडीचा प्रतिस्पर्धी शोधून देतात, जे नाण्याच्या यंत्रासमोर कधीच शक्य नव्हते. वाय-फायऐवजी तार जोडावी, टीव्हीवर खेळत असल्यास गेम मोड चालू करावा, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले. महागडी जॉयस्टिक किंवा नुसत्या कळांचा लिव्हरलेस कंट्रोलर आणि साधा पॅड यांतील निवड सवयीचा प्रश्न आहे. मात्र श्रेणीच्या लढतींत प्रतिस्पर्धी दोन-तीन सामन्यांनी निघून जातो, आणि सवयी ओळखण्याची कला त्याच त्या माणसाशी दीर्घ काळ खेळूनच येते. म्हणून गावात चार-पाच जण मिळाले तरी आठवड्यातून एकदा एकत्र बसून आधी दहा विजय मिळवील तो जिंकेल अशी लांब लढत खेळणे, हे शेकडो अनोळखी सामन्यांहून फलदायी ठरते.

स्पर्धेत केव्हा उतरावे याचे उत्तर नवशिक्या नेहमी पुढे ढकलतो, आणि हा त्याच्या वाटचालीतील सर्वांत महाग विलंब असतो, कारण गर्दीत, अनोळखी खुर्चीवर, एकदाच मिळणाऱ्या सामन्यात लक्ष पुन्हा हातांकडे धावते आणि तो दोष घरी बसून दिसतही नाही, सुधारतही नाही. फायटिंग गेमच्या बहुतेक स्पर्धा दोनदा हरल्यावर बाद होण्याच्या पद्धतीने चालतात. पहिला पराभव झालेला खेळाडू पराभूतांच्या फळीत जाऊन खेळत राहतो, आणि उमेहारांची ती प्रसिद्ध लढतही त्याच फळीच्या अंतिम फेरीतील होती. इव्होच्या मुख्य खेळांना पात्रता फेरी नसते. शुल्क भरून कोणीही नाव नोंदवू शकतो, नामांकित खेळाडू वेगवेगळ्या गटांत विखुरलेले असतात, आणि पहिल्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या खेळाडूसमोर जगज्जेता येऊन बसू शकतो.